संपायच्या आत बघून घ्या? पण कुणी, आणि कुणाच्या जिवावर?

सप्टेंबरातला एक रविवार. वाईहून पाचगणीला निघालेली एसटी पसरणी घाटात जागची हलत नव्हती. वर गाड्या, खाली गाड्या, मधे आम्ही. माझ्या शेजारी बसलेली बाई पाचगणीतल्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करते. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "ताई, आख्खी दुनिया आमचं गाव बघाय आलीया, आन् आमालाच घरला जायाला वाट न्हाई."

त्याच महिन्यात, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, पाचगणी-महाबळेश्वरच्या दख्खनच्या पठाराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्याची बातमी आली. सगळ्यांच्या स्टेटसवर टेबललँडचे फोटो झळकले. बातमीखालच्या बहुतेक प्रतिक्रियांचा सूर एकच होता: लवकर जाऊन या, पुढे हे असं राहणार नाही.

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही. वितळणाऱ्या हिमनद्या, मरत चाललेलं ऑस्ट्रेलियातलं ग्रेट बॅरियर रीफ, बुडत चाललेलं व्हेनिस हे सगळं 'संपायच्या आत' बघायला जगभरचे पैसेवाले धावतात. त्याला 'लास्ट चान्स टुरिझम' असं नावही पडलंय. विमानाने धूर सोडत जायचं आणि त्याच धुराने वितळणाऱ्या बर्फापुढे उभं राहून हळहळायचं. आपल्याकडे विमानाऐवजी गाडी आहे आणि बर्फाऐवजी कासची फुलं, एवढाच काय तो फरक.

यावर लिहावंसं वाटलं, कारण आपल्या चळवळीत या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पर्यावरण वगैरे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला रोजगार पाहिजे. दुसरा, आपल्यातलाच शिकलेला, सवर्ण पर्यावरणवाद्यांची भाषा जशीच्या तशी बोलतो: "लोकांनी वाट लावली हो, गर्दी बंद करा." मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सांगते.

पाचगणी वसवली कुणासाठी?

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाच्या देखरेखीखाली थंड हवेचं ठिकाण म्हणून वसली. गोऱ्या लोकांना आराम करायला. आज ज्याला पाचगणीचं सौंदर्य म्हणतात ती सिल्व्हर ओकची झाडंसुद्धा चेसनने बाहेरून आणून लावलेली. त्याच चेसनने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामवाले बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला बसवले. कारण साहेब आराम करणार म्हटल्यावर त्याचे कपडे धुणारा, त्याला जेवण देणारा आणि त्याचं घर बांधणारा माणूस लागणारच.

म्हणजे वर बंगले आणि खाली सेवा करणारे, ही रचना पहिल्या दिवसापासूनची आहे. पारशी आले, निवासी शाळा आल्या, इंग्रज गेले, मग मुंबई-पुण्याचे बंगलेवाले आणि हॉटेलवाले आले. वरची माणसं बदलत गेली. खालची तीच राहिली. आज टेबललँडवर घोडा धरून पळणारा पोरगा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकलेली बाई, हॉटेलच्या जिन्याखालच्या खोलीत झोपणारा वेटर यांची जात विचारा. उत्तर शोधायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

जुनं महाबळेश्वर बघायला जाणाऱ्यांना धावड लोकांबद्दल कुणी सांगत नाही. या डोंगरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारी ही मुसलमान कारागीर जमात. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, भट्टीच्या कोळशाला लाकूड मिळेना, आणि त्यांचा धंदा बुडाला. तेव्हा 'संपायच्या आत बघून घ्या' म्हणत कुणी आलं नाही. निसर्ग राखायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड कष्टकऱ्याच्या चुलीवर पडते, हा धडा या डोंगरात दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

बाबासाहेबांचा प्रवास

प्रवासाबद्दल बोलताना आपल्याला सातारा जिल्हा विसरता येत नाही. १९०१ साली साताऱ्यात राहणारा एक लहान मुलगा आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर, ही महारांची पोरं आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय.

त्याच लिखाणात १९३४ चा प्रसंग आहे, आणि तो आजच्या विषयाला जास्त लागू आहे. तेव्हा बाबासाहेब चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर चक्क सहलीला निघाले होते. तीसेक लोक, वेरूळची लेणी बघायला. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ उडालेली, म्हणून काहींनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. लगेच तिथले मुसलमान रहिवासी हौद बाटवला म्हणून धावून आले. शेवटी आत पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ला बघू दिला.

मित्रांनो, हा आपल्या पर्यटनाचा इतिहास आहे. या देशाचा निसर्ग आणि इतिहास बघण्याचा हक्क आपल्या आधीच्या पिढ्यांना नव्हता. चवदार तळं काय, काळाराम मंदिर काय, 'इथं तुम्ही यायचं नाही' हेच वाक्य मोडण्यासाठी ते लढे झाले. म्हणून दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, महाडला आणि भीमा कोरेगावला जाणारा आपला माणूस टुरिस्ट नसतो. तो हक्क बजावायला गेलेला असतो.

'गर्दी' म्हणजे नेमकं कोण?

म्हणूनच पाचगणीच्या बंगल्यातल्या बाई जेव्हा म्हणतात की पूर्वी किती छान होतं, आता कुणीही येतं, तेव्हा माझे कान टवकारतात. 'कुणीही' म्हणजे कोण? पन्नास वर्षांपूर्वी इथे येणारा माणूस स्वतःची गाडी असलेला होता. आज आपल्या वस्तीतला पोरगा पहिल्या पगारातून हप्त्यावर मोटारसायकल घेतो आणि मित्राला मागे बसवून कासला जातो. त्याच्या आजोबाला सुट्टी हा शब्द माहीत नव्हता. आपला माणूस दारात पोचला, आणि नेमकं तेव्हाच यांना निसर्ग नाजूक असल्याचा साक्षात्कार व्हावा?

पण इथे थांबून प्रामाणिकपणे दुसरी बाजूही बघितली पाहिजे. निसर्ग खरोखर नाजूक आहे. टेबललँड काय किंवा कास काय, ही जांभ्याची पठारं आहेत. दगडावर बोटभर माती. त्या मातीत तेरडा, गेंद, सीतेची आसवं, वायतुरा अशी फुलं चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. फोटोसाठी फुलांत लोळणारा माणूस गरीब आहे की श्रीमंत, हे त्या मुळांना कळत नाही. पठारावर पडलेलं पाणी जांभ्यात मुरतं आणि खाली झरे-विहिरी होऊन निघतं. पठार तुडवलं, काँक्रीट ओतलं, तर खालच्या वाडीची विहीर आटते. खालच्या वाडीत कोण राहतं, ते वर सांगून झालंय.

तेव्हा पर्यावरण हा श्रीमंतांचा चोचला नाही. ते आपल्या पिण्याच्या पाण्याचं भांडण आहे. आणि पाण्याचं भांडण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. २० मार्च १९२७ आपल्या पाठीशी आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: मर्यादा पाहिजेच. पण ती पैशाने ठरता कामा नये. तिकीट महाग करा म्हणजे गर्दी कमी होईल, हा उपाय सोपा दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की ज्याच्याकडे पैसा त्याने फुलं बघावीत आणि बाकीच्यांनी त्याच्या मोबाइलमधला फोटो बघावा. दौलताबादच्या दारात शिपाई होता, इथे दरपत्रक असेल. रोज किती माणसं हे ठरवा, आणि आधी नोंद करणाऱ्याला आधी जाऊ द्या. शाळेच्या पोरांना, जिल्ह्यातल्या मजुरांना राखीव दिवस द्या. खासगी गाडी लांब थांबवा आणि एसटीने आलेल्याला दारापर्यंत सोडा. सगळ्यांत जास्त जागा खाणारी आणि धूर सोडणारी वस्तू चारचाकी असताना दोष मात्र पायी चालणाऱ्या माणसाच्या माथी मारला जातो.

कोणती संस्कृती जपायची?

आता दुसरा मुद्दा. निसर्गाबरोबर आजकाल 'लुप्त होत चाललेली संस्कृती' पण विकायला असते. अस्सल गावरान जेवण, चुलीवरची भाकरी, गोधडी, बैलगाडी. पर्यटक येतो, डोक्याला फेटा बांधून घेतो आणि म्हणतो, अरेरे, हे सगळं संपत चाललंय.

मला विचारायचंय, संपत चाललंय ते सगळंच वाईट आहे का? कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या संग्रहालयात बारा बलुतेदारांचं गाव पुतळ्यांतून उभं केलंय. शाळांच्या सहली जातात. पोरं बघतात, गाव किती स्वयंपूर्ण होतं! त्या स्वयंपूर्ण गावात मेलेलं ढोर कोण ओढत होतं, आणि त्याबद्दल त्याला काय मिळत होतं, हा प्रश्न त्या पोरांच्या मनात आला पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. ते वतन कायद्याने जायला १९५८ उजाडावं लागलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धर्म सोडला, गावकीची कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं. जगातल्या कुठल्या पर्यटकाने तेव्हा हळहळ व्यक्त केली असती, तर आपल्या आज्याने त्याला काय उत्तर दिलं असतं? परंपरा मोडूनच आपण माणूस झालो.

म्हणून 'परंपरा वाचवा' ही घोषणा आपल्या तोंडी शोभत नाही. पण त्याचा अर्थ असाही नाही की बदल म्हटला की टाळ्या वाजवायच्या. माझी कसोटी साधी आहे. बदल कुणी ठरवला? आपण वतन सोडलं, तो आपला निर्णय होता. धावडांची भट्टी बंद झाली, तो त्यांचा निर्णय नव्हता. गवळी धनगराच्या पोरीने शाळेत जायचं ठरवलं, हा बदल तिचा आहे. तिच्या बापाचं चराईचं रान कुंपणात गेलं, हा तिच्यावर लादलेला बदल आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही 'संस्कृतीचा ऱ्हास' वाटतात. आतल्याला फरक कळतो.

आणि माणसांचंच प्रेक्षणीय स्थळ केलं की काय होतं, ते अंदमानात दिसलं. जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं होतं. रस्ता चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली. हे दूरच्या बेटावरचं झालं असं म्हणू नका. आपल्या भागात धनगरवाड्यावर न विचारता शिरून चुलीपुढच्या म्हातारीचा फोटो काढणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. ती तोंड फिरवते, तर म्हणतात, आजी, इकडे बघा ना, नॅचरल पाहिजे.

पाण्याखालची गावं आणि नवं महाबळेश्वर

तापोळ्याला लोक बोटिंगला जातात. 'मिनी काश्मीर' म्हणतात त्याला. ते निळं पाणी म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर. त्याच्या तळाशी १९६० च्या दशकात बुडालेली गावं आहेत. सहा दशकं उलटली तरी कोयनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे प्रश्न पूर्ण मिटलेले नाहीत. पुनर्वसनाचा हिशोब सातबाऱ्यावर चालतो. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला निदान भांडायला कागद होता. ज्याचं पोट बलुत्यावर आणि मजुरीवर होतं, त्याचं काय बुडालं हे कुठल्या उताऱ्यावर लिहिणार?

आता त्याच डोंगरात 'नवीन महाबळेश्वर' येतंय. २०१९ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाला त्याचं नियोजन प्राधिकरण नेमलं. सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांचा त्यात समावेश झाला. जुनं महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्येच केंद्राने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलं, तरी ते कोंडलं. आता कोंडायला नवी जागा हवी आहे. हा त्याचा साधा अर्थ.

लक्षात ठेवा, याच पाटण तालुक्यात जुलै २०२१ च्या पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. माणसं गाडली गेली. ज्या डोंगराने इशारा दिलाय, त्याच डोंगररांगांत रस्ते आणि रिसॉर्ट आणायचे. आणि तेही विकासाच्या नावाने. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीतल्या शेकडो एकर जमीन खरेदीचं प्रकरण गाजलं. जमीन कुणाकडून कुणाकडे चालली आहे हे त्यावरून समजून घ्या.

'पण रोजगार मिळेल की,' असं आपलीच पोरं मला म्हणतात. खरं आहे. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांची चूल हॉटेलवर पेटते. मी ती विझवायला सांगत नाही. मी फक्त विचारते, दीडशे वर्षं पर्यटन चाललेल्या पाचगणीत आपल्यातले हॉटेलचे मालक किती आणि जिन्याखाली झोपणारे किती? दीडशे वर्षांत जे झालं नाही, ते नव्या महाबळेश्वरात आपोआप कसं होईल?

मग आपण करायचं काय?

एक, ग्रामसभेत बसा. २०११ च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचा गाभाच हा होता की पश्चिम घाटात काय व्हावं हे ग्रामसभांच्या सहभागाने ठरावं. तो अहवाल बाजूला पडला, पण ग्रामसभा कुठे गेलेली नाही. विकास आराखडा येतो तेव्हा हरकती मागवल्या जातात. आपल्या वस्तीतून किती हरकती गेल्या? गाव आपल्याला बोलू देत नाही हे खरं. बाबासाहेबांनी संविधान सभेत गावाबद्दल काय मत मांडलं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर एकट्याने जायचं नाही, वस्तीने मिळून लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची.

दोन, पैसा कुठे जातो ते विचारा. कासला गावांच्या वन व्यवस्थापन समित्या प्रवेश शुल्क घेतात, गावातल्या पोरांना त्यातून काम मिळतं. ही चांगली गोष्ट आहे. तीच पद्धत इतर ठिकाणी मागा. पण समितीत बौद्धवाड्यातलं, धनगरवाड्यातलं कोण आहे, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. तसंच जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कुठली वनस्पती कशाला लागते हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. ते नोंदवलं तर ती विद्या आपल्या नावावर राहील.

तीन, हंगामी कामगारांची नोंद करा. खोल्या आवरणाऱ्या बाया, घोडेवाले, स्ट्रॉबेरी तोडणारे मजूर यांचं किमान वेतन, राहायची जागा, आजारपणाची सुट्टी. संरक्षणाच्या यादीत कारवी आहे, मग ही माणसं का नसावीत?

चार, आपण स्वतः कसं फिरतो ते बघा. कासला जाताय? जरूर जा. चटणी-भाकरी बांधून न्या, प्लास्टिक परत आणा, पायवाट सोडू नका. येताना वाईजवळ लोहाऱ्याची लेणी बघा, कराडजवळ जखीणवाडीची बघा. पांडवांनी बांधली म्हणून सांगतील. शांतपणे सांगा की ही भिक्खूंच्या वर्षावासाची जागा आहे. पावसाळ्यात भटकायचं थांबवून एका जागी राहावं, कारण चालताना कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, हा विनयाचा नियम अडीच हजार वर्षांचा आहे. ऐन पावसाळ्यात पठार तुडवायला निघालेल्यांनी तो आठवायला हरकत नाही. आणि पाचगणीपासून जवळच भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथल्या घरात बसा आणि दलित आत्मकथनं मागा. असली तर वाचा. नसली तर का नाहीत विचारा, आणि पुढच्या वेळी एक घेऊन जा.

घाटातली ती एसटी शेवटी अंधार पडल्यावर पाचगणीला पोचली. ती बाई उतरली आणि वस्तीकडच्या उतारावर चालू लागली. तिच्या वस्तीला पाणी दिवसाआड येतं. जिथे ती खोल्या आवरते तिथल्या बाथटबला टँकर येतो. पाचगणी संपायच्या आत बघून घ्या म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला तिची ओळख करून द्यायची आहे. त्यांच्या लेखी पाचगणी उद्या संपणार आहे. तिच्या नळाला मात्र आजच पाणी नाही.

जय भीम! जय संविधान!